आग दिसली म्हणून विचारलंत, पण काळजी चराची आहे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे भलत्याच गोष्टीचं उत्तर द्यायला नको. तुम्ही दोन वर्षांपूर्वी विस्कॉन्सिनमध्ये, केनोशाच्या दक्षिणेला, मिशिगन सरोवराजवळ घर घेतलंत. परसाला लागूनच चिवॉकी प्रेअरीचा (प्रेअरी म्हणजे इथला गवताळ माळ) संरक्षित तुकडा आहे. हिवाळ्यात काही लोकांनी तिथली झाडं तोडली आणि बुंध्यांना निळं औषध लावलं. एप्रिलमध्ये पिवळे कपडे घातलेली माणसं आली आणि त्यांनी तो तुकडाच पेटवून दिला. भारतातून आलेल्या तुमच्या सासूबाई धूर बघून घाबरल्या. तुमचं म्हणणं, संरक्षित म्हणजे आहे तसं राहू द्यायचं ना? मग ही जाळपोळ आणि तोड कसली? आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, एक ओळ: वसंतात परसात पाणी साचतं, म्हणून मागच्या हद्दीवर चर खणून ते काढून द्यायचा विचार आहे, चालेल का?

मी सोळा वर्षं दक्षिण विस्कॉन्सिन आणि उत्तर इलिनॉयमध्ये हेच काम करतोय. आग लावणं, झुडपं तोडणं, बी गोळा करणं, गमबूट घालून तासन् तास चिखलात उभं राहणं. म्हणजे ते पिवळे कपडेवाले आम्हीच; तुमच्या मागे आलेली टोळी दुसरी असेल इतकंच. आगीवर तुम्ही पंधरा ओळी लिहिल्यात आणि चरावर एक. माझं लक्ष त्या एका ओळीनं वेधलं. आगीचं सांगतोच, पण तिथवर जायला आधी जमीन बघावी लागेल.

हिमनद्या वितळल्या तेव्हा आजच्या मिशिगन सरोवराच्या जागी पाणी आतापेक्षा बरंच उंच होतं. ते चढत-उतरत, पण एकंदरीत मागे हटत गेलं. पाणी जिथे जिथे थबकलं तिथे लाटांनी आणि वाऱ्यानं किनाऱ्यालगत वाळूचा लांबट उंचवटा रचला, आणि दोन उंचवट्यांच्या मधे खोलगट पट्टा राहिला. उसाचं रान डोळ्यांसमोर आणा: सरी, वरंबा, सरी, वरंबा. इथला सरी-वरंबा सरोवरानं काढलाय, काही हजार वर्षं खपून, आणि तो किनाऱ्याला समांतर लांबच लांब पसरलाय. वरंबा आणि सरी यांच्या उंचीत फरक बऱ्याच ठिकाणी गुडघाभर, फार तर कमरेएवढा. गाडीतून जाणाऱ्याला सगळं सपाटच दिसतं.

पण त्या गुडघाभर उंचीत अख्खं जग बदलतं. वरंब्यावर कोरडी वाळू, तिथे लिटल ब्लूस्टेमसारखं गुच्छांनी वाढणारं गवत. थोडं दक्षिणेला इलिनॉय बीचकडे अशा वाळूत चक्क निवडुंग आहे, बर्फाखाली झोपून उन्हाळ्यात पिवळी फुलं देणारा. उतारावर ओल टिकते, तिथे पुरुषभर उंचीचं बिग ब्लूस्टेम आणि मे महिन्यात गुलाबी शूटिंग स्टार. सरीत उतरलात की लव्हाळे, पायाखाली पचपच, आणि काही ठिकाणी चुनखडीतून आलेलं भूजल खालून वर पाझरतं. तिथे फक्त असंच पाणी सोसणाऱ्या वनस्पती उगवतात. चारशेहून जास्त जातींच्या वनस्पती या एवढ्याशा जागेत नोंदल्या गेल्यात. कोरड्याकडून ओल्याकडे जायला दहा पावलं पुरतात, म्हणून.

गावाकडची ओळख लागावी म्हणून एक गोष्ट. बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास ही इथली मुख्य गवतं आपल्या ज्वारीच्या, उसाच्या, माळावरच्या कुसळीच्या आणि मारवेलच्या कुळीतली आहेत. सप्टेंबरमध्ये इंडियन ग्रासला तुरा आला की मला हटकून हुरड्याच्या दिवसांतली ज्वारी आठवते. मी सोलापूरकडचा, आमच्याकडे माळ म्हणजे पडीक, पडीक म्हणजे वाया गेलेली जमीन, असंच लहानपणी ऐकलेलं. इथल्या लोकांनीही शंभर-दीडशे वर्षं नेमकं हेच मानलं.

हा सगळा मुलूख पोटावाटोमी या मूळ अमेरिकी लोकांचा. १८३३ च्या शिकागो तहानं त्यांना मिशिगन सरोवराच्या पश्चिमेची ही जमीन सोडावी लागली. १८३७ मध्ये जॉन डिअरनं इलिनॉयमध्ये पोलादी नांगर केला. प्रेअरीची काळी चिकट माती लोखंडी नांगराला धरून बसायची. पोलादाला ती धरेना. मग शेतं निघाली, ओल्या जमिनीत मातीचे पाइप पुरून पाणी काढून दिलं गेलं. इलिनॉयमध्ये २.२ कोटी एकर प्रेअरी होती. तिच्यातली उत्तम अवस्थेतली आज सुमारे अडीच हजार एकर उरलीय. विस्कॉन्सिनमधल्या २१ लाख एकरांपैकी अर्धा टक्काही नाही. पाणथळीचं म्हणाल तर विस्कॉन्सिनच्या एक कोटी एकरांतली जवळपास निम्मी गेली.

मग चिवॉकी कशी वाचली? कारण ती शेतीच्या लायकीची नव्हती. वर वाळू, खाली पाणी. नांगर घालून करायचं काय? तिच्या नालायकीनं तिला वाचवलं, निदान पहिल्या फेरीत तरी.

दुसरी फेरी १९२० च्या दशकातली. शिकागो आणि मिलवॉकी या दोन शहरांची नावं जोडून 'चिवॉकी' हे नाव तयार झालं आणि इथे सुट्टीची वसाहत करायची म्हणून प्लॉट पाडले गेले. रस्ते आखले, काही झालेही. मग १९२९ नंतरची मंदी आली आणि वसाहत कागदावरच राहिली. पण प्लॉट विकले गेलेले होते, शेकडो मालकांच्या नावावर, आणि त्यातले कित्येक शिकागोत बसलेले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, तुमच्या परसाशी तिचा थेट संबंध आहे.

१९६० च्या दशकात पुन्हा बांधकामाचं वारं सुटलं तेव्हा केनोशातल्या काही माणसांनी, त्यात फिल सँडर आणि अल क्रॅम्पर्ट पुढे होते, १९६५ च्या सुमारास निसर्ग संरक्षण करणाऱ्या 'द नेचर कन्झर्व्हन्सी' या संस्थेच्या साथीनं प्लॉट विकत घ्यायला सुरुवात केली. एकरानं नव्हे, प्लॉटनं. एक मालक शोधायचा, त्याला पत्र लिहायचं, किंमत ठरवायची, मग पुढचा. १९६७ मध्ये राज्यानं या जागेला नैसर्गिक क्षेत्राचा दर्जा दिला, १९७३ मध्ये ती राष्ट्रीय नैसर्गिक खूण म्हणून घोषित झाली. १९८५ मध्ये प्रादेशिक नियोजन आयोगानं चिवॉकी आणि शेजारच्या कॅरोल बीचसाठी आराखडा केला: कुठे घरं होऊ द्यायची, कुठले प्लॉट राखायचे. आज ही जमीन नेचर कन्झर्व्हन्सी, राज्याचा निसर्ग संसाधन विभाग आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाचं पार्कसाइड केंद्र यांच्यात वाटलेली आहे. २०१५ मध्ये चिवॉकी आणि राज्याच्या सीमेपलीकडचा इलिनॉय बीचचा पट्टा मिळून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झालं. आपल्या नांदूर मधमेश्वरलाही तोच दर्जा आहे. नाशिककडच्या वाचकांना त्यावरून अंदाज येईल.

या सगळ्याचा अर्थ असा की नकाशावर जो हिरवा रंग दिसतो तो एकसंध नाही. गोधडी आहे. मधे घरं, मधे रस्ते, मधे कुणाचा तरी न विकलेला प्लॉट. आणि शंभर वर्षांपूर्वी आखलेले रस्ते सऱ्यांना आडवे गेलेत, त्यांच्या कडेला चर, त्यांच्याखाली मोऱ्या. जमीन वाचली, पण पाण्याच्या वाटेवर तेव्हाच घाव बसला होता.

आता आग. 'आहे तसं राहू द्या' हे तुमचं वाक्य ऐकायला रास्त आहे. माझा उलट प्रश्न: कधी होतं तसं? तुम्ही घर घेतलंत तेव्हाचं, १९६५ चं, की १८३० चं? १८३० मध्ये इथे दर काही वर्षांनी आग फिरत होती. वीज पडून थोडी, पण इकडची वीज बहुधा पावसासोबतच येते, त्यामुळे बरीचशी आग माणसांनी लावलेली. पोटावाटोमी आणि त्यांच्या आधीचे लोक गवत जाळत: नवा कोंब येतो, त्यावर हरीण येतं, वाट मोकळी होते. आग थांबली आणि तीस-चाळीस वर्षांत झुडपं चढली. म्हणजे काहीच न करणं हादेखील एक निर्णयच, आणि तो झुडपांच्या बाजूचा.

आगीनं नेमकं काय होतं? प्रेअरीच्या गवताचा कोंब जमिनीखाली असतो, आणि मुळं आठ-दहा फूट खोल. वरचं वाळलेलं जळालं तरी त्याचं काही बिघडत नाही. झुडपाचा कोंब मात्र वर, हवेत, फांदीच्या टोकाला. ते मागे पडतं. शिवाय दोन-तीन वर्षांच्या पेंढ्याचा थर निघाला की ऊन जमिनीपर्यंत पोचतं, काळी झालेली माती लवकर तापते. एप्रिलच का, याचंही कारण आहे. तुमच्या लॉनचं केंटकी ब्लूग्रास (नाव केंटकीचं, मूळ युरोपातलं) एप्रिलमध्ये हिरवं होऊन बसलेलं असतं. प्रेअरीची गवतं तेव्हा अजून झोपेत. आग हिरव्याला भाजते, झोपलेल्याला सोडते. मॅडिसनला विद्यापीठाच्या आर्बोरेटममध्ये १९३० च्या दशकापासून शेतजमिनीवर पुन्हा प्रेअरी उभी करायचा प्रयत्न चाललाय, आणि जॉन कर्टिस यांनी १९४० च्या दशकात तिथेच जाळून बघून हा फरक दाखवला. त्याआधी इथेही आग म्हणजे शत्रूच मानत.

आम्ही पेटवतो ते कसं, हे सासूबाईंना सांगा, त्यांना पटेल. आधी भोवती गवत कापून जाळरेषा. मग वाऱ्याचा रोख जिकडे, त्या टोकाला पहिली काडी. तिथून आग वाऱ्याच्या विरुद्ध, रांगत, हळूहळू मागे सरकते आणि काळा पट्टा तयार करते. तो पुरेसा रुंद झाला की दोन्ही बाजू लावायच्या, आणि सगळ्यात शेवटी वाऱ्याकडची बाजू. ही शेवटची आग धावते, तिचाच आवाज आणि धूर तुम्हाला दिसला असणार. पण ती धावत जाऊन काळ्या पट्ट्यावर आपटते आणि संपते, बहुतेक वेळा काही मिनिटांत. वारा, हवेतली आर्द्रता, धूर वर उचलला जाईल की खाली बसेल, सगळं जमलं तरच पेटवायचं. तुमच्यासारखी घरं चिकटून असतील तर आम्ही दहा दिवस तयारी करून अकराव्या दिवशी परत गेलोय, वारा फिरला म्हणून. धुराचा त्रास असेल तर व्हिलेजच्या (तुमच्या गावाच्या स्थानिक प्रशासनाच्या) कार्यालयात फोन करून आगाऊ कळवायच्या यादीत नाव घाला. दमा असलेलं कुणी घरात असेल तर हे नक्की करा.

आगीचे तोटे नाहीत असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वाळक्या काड्यांत किड्यांची अंडी असतात, पालापाचोळ्यात फुलपाखरांच्या अळ्या हिवाळा काढतात. म्हणून एकाच वर्षी सगळं कधीच जाळायचं नाही; तुकडे पाडायचे, काही राखायचे. ऊब येऊन साप बाहेर पडले की थांबायचं. यात मतभेद आहेत आणि ते कामावर रोज होतात. माझ्या एका सहकारी बाईंचं मत आहे की आम्ही फार वेळा जाळतो. किड्यांच्या बाबतीत त्यांचं म्हणणं मला बरेचदा पटतं.

आणि एक विनंती, हे वाचून कुणी गावाकडच्या माळाला काडी लावू नये. कोकणातला राब, घाटावरचा वणवा आणि ही आग, तिन्हींत गवत जळतं एवढंच साम्य. आपल्या माळावर गुरं-मेंढ्या चरतात, पेंढ्याचा थर साचतच नाही. आग लागते ती ऐन उन्हाळ्यात, पावसाला तीन महिने असताना, तेव्हा उघडी पडलेली जमीन तशीच राहते. शिवाय राखीव वनात आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं गुन्हा आहे. इथलं उत्तर तिथे चालत नाही.

झाडं तोडण्याचं लवकर सांगतो. हिवाळ्यात तोडलेलं बहुतेक बकथॉर्न असणार. युरोपातून कुंपणासाठी आणलेलं झुडूप. पक्षी फळं खाऊन बी पसरवतात, पानं नोव्हेंबरपर्यंत हिरवी राहतात, खाली कशाला ऊन मिळू देत नाही. जमीन गोठलेली असताना तोडतात, म्हणजे आमच्या पायांनी सऱ्या तुडवल्या जात नाहीत. निळं औषध म्हणजे तणनाशक, आणि निळा रंग कुठल्या बुंध्याला लागलं ते कळावं म्हणून. पहिल्या वर्षी औषधाचा मला तिटकारा होता. एका तुकड्यात मी हट्टानं नुसतं तोडून ठेवलं. पुढच्या जूनमध्ये एकेका बुंध्यातून सहा-सात धुमारे, माझ्या खांद्याइतके. तो तुकडा पुन्हा साफ करायला दोन हिवाळे गेले. तेव्हापासून मी बुंध्यावर लावतो, तोडल्यावर काही मिनिटांतच, आणि पाण्याजवळ फक्त पाण्यासाठी मान्यता असलेलं औषध. फवारणी मात्र शक्यतो टाळतो.

पण हे सगळं, आग, कुऱ्हाड, औषध, वरवरचं आहे. माणसं आणि पैसे मिळाले तर ते होतं. पाण्याचं तसं नाही.

एका फुलावरून सांगतो. पांढऱ्या पाकळ्यांना झालर असलेली एक आमरी इथे आहे, ईस्टर्न प्रेअरी फ्रिंज्ड ऑर्किड. १९८९ पासून ती अमेरिकेच्या केंद्रीय यादीत धोक्यातली म्हणून नोंदलेली आहे. जूनअखेर ते जुलैत फुलते, दिवसा जेमतेम वास, रात्री मात्र दरवळ, कारण तिचं परागण करणारे हॉकमॉथ पतंग अंधारात फिरतात आणि तिच्या मधाच्या लांब नळीत पोचेल एवढी सोंड त्यांच्याकडेच असते. बी धुळीसारखं, जमिनीतली विशिष्ट बुरशी मिळाली तरच रुजतं. एखादं रोप वर्षानुवर्षं दिसत नाही, जमिनीखाली दडून असतं, आणि एखाद्या ओल्या वसंतानंतर अचानक वर येतं. इलिनॉयमध्ये एका जागी आम्ही दातकोरणीनं एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावायचो. तास तास ओणवं राहून कंबर मोडायची. तो सगळा खटाटोप करून एका वर्षी शेजारच्या चरामुळे मे महिन्यातच सरी वाळली. एकही रोप फुललं नाही. पतंग होते, बुरशी होती, आग वेळेवर झाली होती, पाणी नव्हतं.

चर म्हणजे केवढा? दोन फूट खोल, फूटभर रुंद. कुणी दुष्टपणानं खणला नव्हता. परसात पाणी साचत होतं.

आता तुमच्या परसाकडे येतो. तुम्ही नेमके कुठे आहात, जमीन किती भरीव टाकून उचललेली आहे, हद्दीपलीकडे सरी आहे की वरंबा, यावर बरंच अवलंबून आहे; फोटो न बघता ठाम सांगणं बरं नाही. पण मुळात दोन प्रकारचं पाणी असतं आणि दोघांचे उपाय उलटे आहेत.

पहिलं वरचं पाणी: छपराचं, ड्राइव्हवेचं, बांधकामाच्या वेळी गाड्यांनी दाबून कडक झालेल्या मातीवर थांबलेलं. हे तुमचंच पाणी, ते तुमच्याच आवारात जिरवता येतं.

दुसरं खालचं: भूजल वर आलेलं. वाळूच्या या पट्ट्यात भूजल सरोवराशी बोलत असतं. मिशिगन सरोवराची पातळी जानेवारी २०१३ मध्ये नीचांकी होती आणि २०२० मध्ये उच्चांकाच्या जवळ पोचली. त्या वर्षांत या भागात जी घरं अनेक वर्षं कोरडी होती त्यांच्या तळघरातले पंप दिवसरात्र चालू होते. असं पाणी असेल तर चर खणून तुम्ही पाणी काढून देत नाही, फक्त एक लांबट विहीर खणता. ती भरते आणि भरलेलीच राहते. किंवा, तिला खाली रस्त्याच्या चराकडे उतार मिळाला तर आणखी वाईट: मग ती तुमच्या परसातलं आणि पलीकडच्या सरीतलं, दोन्हीकडचं पाणी सतत ओढत राहते, कारण वाळूत पाणी चिकणमातीपेक्षा कितीतरी सहज सरकतं. पातळी वीतभर उतरली तरी लव्हाळे मागे हटतात आणि झुडपं सरीत उतरतात. नंतर आम्ही येऊन ती झुडपं तोडतो आणि तुम्ही विचारता, झाडं का तोडता.

उलटी चूकही सांगून ठेवतो. तळघराच्या पंपाचं तोंड काही जण थेट प्रेअरीकडे करतात, 'पाणथळच आहे, पाणी दिलं तर बरंच' म्हणून. बरं नाही. लॉनचं खत आणि हिवाळ्यात ड्राइव्हवेवर टाकलेलं मीठ त्या पाण्यासोबत जातं. खत आणि मीठ दोन्ही सोसणारं पाणकणीस, त्यातही संकरित जातीचं, आणि रीड कॅनरी ग्रास तिथे माजतं. चारशे जातींच्या जागी दोन. रस्त्याकडेच्या मोऱ्यांच्या तोंडाशी जाऊन बघा, पाणकणसांची भिंत दिसेल.

तुमचं पाणी कुठलं ते ओळखायची युक्ती साधी आहे, आम्हीही हीच वापरतो. चार फूट लांबीचा, दीड-दोन इंची पीव्हीसी पाइप घ्या, खालच्या अर्ध्या भागाला बारीक भोकं पाडा, त्यावर जाळी गुंडाळा. पाणी साचतं त्या जागी हातगिरमिटानं खड्डा करून तो उभा पुरा, वरच्या तोंडाशी भोवती माती घट्ट दाबा, म्हणजे वरचं पाणी कडेनं आत उतरणार नाही. वर टोपण. खणण्याआधी ८११ ला फोन करा, जमिनीखालच्या तारा-पाइपांच्या खुणा ते फुकट करून देतात. मग मार्च ते जून, आठवड्यातून एकदा, आत मोजपट्टी सोडून पाणी किती खोल ते लिहायचं. परसात डबकं असताना पाइपातलं पाणी डबक्याच्याच पातळीला असेल तर भूजल. डबकं असूनही पाइप कोरडा असेल तर वरचं पाणी.

वरचं निघालं तर आनंदानं कामाला लागा: छपराच्या नळाचं तोंड घरापासून दहा फूट लांब न्या, कडक माती मोकळी करा, आणि उताराच्या जागी उथळ खळगा करून त्यात इथलीच ओल सोसणारी झाडं लावा. शूटिंग स्टार, ब्लू फ्लॅग आयरिस, स्वँप मिल्कवीड. रोपं मात्र रोपवाटिकेतूनच घ्या, कुंपणापलीकडची उपटू नका. पर्पल लूसस्ट्राइफ कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. देखणं आहे पण पाणथळ गिळतं.

भूजल निघालं तर उपाय जमिनीत नाही, घरात आहे: पंप, तळघराचा जलरोध, आणि परसाच्या त्या कोपऱ्यात लॉनचा नाद सोडणं. काही घरमालकांना मी तो कोपरा कापायचंच बंद करायला सांगितलं. एका ठिकाणी तिसऱ्या वर्षी आपोआप लव्हाळे आणि बेडूक आले. दुसऱ्या ठिकाणी नुसतं रीड कॅनरी ग्रास आलं, हेही खरं. मातीत काय बी उरलंय त्यावर असतं.

आणि कायदा. पाणथळीत खणलेली माती बाजूला टाकली तरी तो भराव धरला जातो आणि परवानगी लागते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सॅकेट खटल्यातल्या निकालानं पाणथळींवरचा केंद्राचा अधिकार बराच आखडला, त्यामुळे 'आता काही लागत नाही' असं सांगणारे ठेकेदार भेटतील. विस्कॉन्सिनमध्ये २००१ पासून राज्याचा स्वतःचा कायदा आहे आणि तो केंद्राच्या अधिकाराबाहेरच्या पाणथळींनाही लागू होतो. तुमचं परस स्वतःच पाणथळीत मोडत असण्याची शक्यता, त्या जुन्या प्लॉटांचा इतिहास बघता, चांगलीच आहे. व्हिलेज आणि राज्याचा निसर्ग संसाधन विभाग दोघांनाही कुदळ हातात घेण्याआधी विचारा; नंतर विचारलंत तर चर बुजवायचा खर्चही तुमच्याच माथी येतो.

सासूबाई मेपर्यंत इथे असतील तर महिन्याच्या मध्यावर त्यांना पायवाटेनं त्या जळलेल्या तुकड्याकडे घेऊन जा, शूटिंग स्टार तेव्हा भरात असतात. आणि पाइप बसवलात तर मापं इथेच टाकत जा, सोबत छपराच्या नळाचं तोंड आणि मागची हद्द दिसेल असे दोन फोटो. पहिल्या चार आठवड्यांतच बरंच कळेल. तोपर्यंत कुदळ गॅरेजमध्ये राहू द्या.